शांत दिसणारं पाणी

लिस्बनमध्ये राहतो म्हटलं की पुण्यातल्या मित्रांचा पहिला प्रश्न ठरलेला. "अरे, ते शंभर फुटी लाटांवर माणसं नाचतात ते तुझ्याकडेच ना?" ते नझारे. लिस्बनच्या उत्तरेला. मी गेलो होतो बरोब्बर उलट दिशेला, आणि माझी लाट माझ्या कमरेएवढी होती. फोटोत तर गुडघ्याएवढीच दिसते. त्यामुळे ज्यांना काही थरारक वाचायचंय त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल :)

तर झालं असं, की गेल्या ऑक्टोबरात आमचं रिलीज अनपेक्षितपणे वेळेवर झालं. (हो, होतं असं कधीकधी.) शनिवार-रविवार रिकामा मिळाला. माझा रूममेट नागपूरचा. त्याने आयुष्यात समुद्र पाहिला तो जुहूचा, तोही भेळ खाता खाता. "एकदा खरा समुद्र दाखव," असं तो सहा महिने म्हणत होता. गाडी भाड्याने घेतली आणि दक्षिणेकडे निघालो, करापातेइराला.

पोर्तुगालच्या नकाशात खाली डावीकडे जो कोपरा आहे ना, त्याच्या थोडंसं वर हे गाव आहे. या सगळ्या पश्चिम किनाऱ्याला कोश्ता विसेंतिना म्हणतात. १९८८ साली इथे बांधकामावर निर्बंध आले आणि १९९५ मध्ये शंभराहून जास्त किलोमीटरचा किनारा नैसर्गिक उद्यान म्हणून जाहीर झाला. दक्षिणेकडच्या अल्गार्वला, म्हणजे जिथे सगळा युरोप ऊन खायला येतो तिथे, हॉटेलांच्या भिंतीच्या भिंती उभ्या आहेत. आणि कोपऱ्यावरून वळून पश्चिमेला आलं की काही नाही. कडे, वाळूचे डोंगर आणि वारा. एवढ्या जवळजवळच्या दोन किनाऱ्यांत इतका फरक फक्त कागदावरच्या एका नियमाने पडतो, हे बघून मला सरकारी कागदांबद्दल जरा आदर वाटायला लागला.

अर्थात फार हुरळून जायला नको. ओदेमिरा सोडलं की रस्त्याच्या कडेला मैलोन्‌मैल प्लॅस्टिकची हरितगृहं दिसतात. रासबेरी पिकते त्यात, आणि यातली बरीचशी जमीन त्या नैसर्गिक उद्यानाच्या हद्दीतच येते! तोडणीला माणसं आपल्याकडची. नेपाळी, पंजाबी, बांगलादेशी. सांव तेओतोनियो नावाच्या गावात चहाला थांबलो तर दुकानात मसूर, बासमती, मॅगी सगळं हजर. काउंटरवरच्या पोराने "कहाँ से?" विचारलं आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. २०२१ मध्ये कोविडच्या वेळी या भागाला वेढा पडला, तेव्हा एकेका घरात किती मजूर कोंबलेत ते सगळ्या देशाला कळलं. आम्ही 'निसर्ग बघायला' चाललोय हे त्या पोराला सांगताना मला उगाचच अवघडल्यासारखं झालं. असो. हा विषय एका कपात मावणारा नाही.

करापातेइराला दोन किनारे आहेत. उत्तरेला बोर्देइरा, दक्षिणेला अमादु, आणि मध्ये समुद्रात घुसलेलं एक टोक. शनिवारी दुपारी तीनला आम्ही बोर्देइराला पोचलो. गाडीतळापासून किनाऱ्यावर जायला पूल नाही. बोर्देइरा नावाचा ओढा वाळूत आडवा पसरलाय, बूट हातात घ्यायचे आणि चालत जायचं. पाणी गुडघ्याएवढं होतं. पलीकडे गेलो आणि रूममेट पहिल्यांदाच दहा मिनिटं गप्प राहिला. दोन-तीन किलोमीटर लांब किनारा आणि त्यावर मोजून आठ-नऊ माणसं. दुकान नाही, टपरी नाही, घोडा नाही, उंट नाही. लाटा एकामागून एक रांगेत, आणि एकेक लाट फुटताना पोटात जाणवत होती.

आता इथे माझ्या आजोळचा संबंध येतो. आजोळ हर्णैचं. आजोबांनी लहानपणी एक सूत्र शिकवलं होतं, कोकणात बऱ्याच जणांना माहीत असेल: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. अॅप लागत नाही, रेंज लागत नाही. कोजागिरी नुकतीच होऊन गेली होती आणि तिथी होती द्वितीया. दोनाचे पाऊणपट दीड. म्हणजे भरती दीडलाच होऊन गेली, आता पाणी ओसरत चाललंय. मी मोठ्या ऐटीत हे गणित रूममेटला सांगितलं आणि बॅग पाण्यापासून वीस पावलांवर ठेवली.

अर्ध्या तासाने बॅग भिजली. पाणी ओसरत नव्हतं, भरत होतं!

पण खरी गंमत (तेव्हा गंमतच वाटली) त्याआधी झाली होती. लाटा जोरदार होत्या, आणि बोर्देइराचा हंगाम संपलेला असल्यामुळे झेंडे नव्हते, जीवरक्षक नव्हता. मी म्हटलं, आपण काही मूर्ख नाही, सुरक्षित जागा शोधू. आणि सापडली पण! डावीकडे पांढराशुभ्र फेस, उजवीकडे पांढराशुभ्र फेस, आणि मध्ये पंधरा-वीस मीटरचा एक पट्टा, जिथे लाट फुटतच नव्हती. गडद हिरवं, सपाट, निवांत पाणी. कमरेपर्यंत आत गेलो. पायाखालची वाळू सरसर निघून जात होती, मजा वाटत होती. तेवढ्यात किनाऱ्यावर गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने शिट्टी मारून दोन्ही हात हलवले. मला वाटलं, काय प्रेमळ लोक आहेत. मीही हात हलवले.

मग तो धावत आला. पोर्तुगीज मला ऑफिसच्या कँटीनपुरतं येतं. तो त्या निवांत पाण्याकडे बोट दाखवून "नांव, नांव" म्हणत होता (नांव म्हणजे नाही) आणि फेसाळलेल्या भागाकडे बोट दाखवून मान डोलवत होता. मी बाहेर आलो खरा, पण ते त्याच्या वयाचा मान ठेवून. मनात म्हटलं, काकांचं काहीतरी उलटंपालटं झालंय. जिथे लाटा आपटतायत तिथे जा म्हणतात आणि शांत पाण्यात जाऊ नको म्हणतात!

परतताना ओढ्याचं पाणी मांडीपर्यंत आलं होतं. ओली बॅग डोक्यावर.

रात्री जेवणात भाजलेलं रताळं होतं. अल्जेझूरचं रताळं पोर्तुगालभर प्रसिद्ध आहे. त्याला ते म्हणतात 'बटाटा दोस', म्हणजे गोड बटाटा. बटाटा, पाव, चावी, पगार हे सगळे शब्द आपण याच लोकांकडून घेतले. रूममेट म्हणाला, "पगार पण? मग लिस्बनमध्ये पगार इतका कमी का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रविवारी सकाळी अमादुला सर्फिंगचा क्लास लावला होता. आम्ही आठ जण. दोन जर्मन, एक फ्रेंच कुटुंब, आणि आम्ही दोन भारतीय, ज्यांतल्या एकाने रबरी सूट उलटा घातला होता. (चेन पाठीवर येते. कोणी आधी सांगितलं नाही.) मास्तरीण बाई पंचविशीच्या असतील. मला वाटलं, आता फळी देणार आणि पाण्यात ढकलणार. तर बाईंनी आम्हाला उंचावर वाळूत बसवलं आणि म्हणाल्या, वीस मिनिटं नुसतं पाण्याकडे बघा. बोलू नका. मग मला सांगा, तुम्ही कुठून पाण्यात शिराल?

वीस मिनिटं! ज्याला दोन मिनिटांचा बिल्ड चालू असताना फोन काढावासा वाटतो त्याच्यासाठी ही शिक्षाच. पण हळूहळू दिसायला लागलं. लाटा सारख्या नसतात, चार-पाच मोठ्या येतात, मग जरा उसंत. खोपटावरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, १४ सेकंद. म्हणजे दोन लाटांमधलं अंतर. आता इंजिनिअरिंगचं थोडं तरी चीज करतो: खोल पाण्यात १४ सेकंदांची लाट साधारण तीनशे मीटर लांब असते, आणि लाटांचा अख्खा समूह ताशी चाळीसेक किलोमीटरने पुढे सरकतो. दोन हजार किलोमीटरवर कुठेतरी अटलांटिकमध्ये वादळ झालं की त्याची लाट इथे दोन दिवसांनी पोचते. माझ्या पायाशी फुटणारी लाट गुरुवार-शुक्रवारचं वादळ होती. आम्ही रिलीजच्या कॉलवर होतो तेव्हा ती निघाली होती.

वीस मिनिटं संपली. बाईंनी विचारलं, कुठून? आठही जणांनी एकाच जागी बोट दाखवलं. फेसाच्या दोन पट्ट्यांमधलं शांत पाणी.

बाई हसल्या. "दरवेळी," म्हणाल्या.

आणि मग त्यांनी वाळूत काडीने रेघा मारून जे सांगितलं ते मला अठ्ठावीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. लाटा पाणी किनाऱ्याकडे आणतात. ते पाणी कुठूनतरी परत जायला हवं. वाळूच्या बांधात जिथे खोलगट चर असतो तिथून ते सगळं गोळा होऊन आत वाहतं. पाणी खोल असल्यामुळे तिथे लाट फुटत नाही. लाट फुटत नाही म्हणून फेस नाही. फेस नाही म्हणून आपल्याला ते शांत वाटतं. ती नदी आहे, किनाऱ्याकडून समुद्रात जाणारी. रिप करंट. तिचा जोर असेल तर ऑलिंपिकमध्ये पोहणाऱ्यालाही तिच्याविरुद्ध पोहत किनाऱ्याला येता येत नाही. माणूस बुडतो तो लाटेने नाही, सरळ किनाऱ्याकडे पोहत राहून दमतो म्हणून बुडतो. त्यात सापडलात तर आधी तरंगा, हात वर करा, आणि पोहायचंच तर किनाऱ्याला समांतर पोहा. चर अरुंद असतो. बाजूला फेस दिसतोय तिथे पाणी उथळ आहे, तिथल्या लाटाच तुम्हाला बाहेर आणून टाकतील.

मग म्हणाल्या, आता तुम्हाला कळलंय तर हेही सांगते, की आम्ही याचा लिफ्टसारखा वापर करतो. लाटा ओलांडून आत जायला फुकटची लिफ्ट.

मला कालचे काका आठवले. त्यांचं काहीच उलटंपालटं झालं नव्हतं.

सर्फिंगचं म्हणाल तर दोन तासांत मी बावीस वेळा पडलो आणि एकदा तीन सेकंद उभा राहिलो. रूममेट चार सेकंद. ही गोष्ट तो अजून सांगतो. पाणी थंडगार होतं. उन्हाळ्यात इथे उत्तरेचा वारा सुटतो, तो पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि खालून गार पाणी वर येतं. त्यामुळे ऐन ऑगस्टातही इथलं पाणी दात वाजवतं, आणि त्यामुळेच इथे सार्डिन मुबलक. दुपारी मधल्या टोकावरून लाकडी पायवाटेने चालत फिरलो. सुट्या कड्यांवर करकोच्यांची घरटी होती, करकोचे नव्हते. एका जागी खाली खडकात एक माणूस कमरेला दोर बांधून उभा होता. तिथे पर्सेबेश नावाचा प्राणी मिळतो, लाटा आपटतात त्याच खडकांना चिकटतो, दिसायला म्हाताऱ्या माणसाच्या अंगठ्यासारखा, आणि महाग. तो माणूस कितीतरी वेळ नुसता बघत होता. आमच्यासारखाच, फक्त तो पोटासाठी. मग उसंत आली तसा उतरला, खरवडलं आणि लाट यायच्या आत वर.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे.

२०१६च्या १ फेब्रुवारीला मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कॉलेजची सहल गेली होती. पाण्यात उतरलेले १४ विद्यार्थी बुडाले. मी तेव्हा पुण्यातच फर्स्ट इयरला होतो. त्यांच्यातलं कोणी माझ्या ओळखीचं नव्हतं, पण पुण्यात त्या आठवड्यात सगळ्यांच्या ओळखीचं कोणीतरी होतं. आमच्या वर्गाची अलिबागची ट्रिप महिन्याभरावर होती. ती रद्द झाली. पुढच्या वर्षी ट्रिपच्या अर्जावर एक ओळ छापून आली, की सहल समुद्रकिनारी नसावी. झालं. विषय संपला.

मला तेव्हा ते बरोबर वाटलं होतं. आता वाटत नाही. त्या दिवशी मुरुडला पाण्यात नेमकं काय झालं हे मी इथे बसून सांगू शकत नाही आणि सांगूही नये. पण माझ्याबद्दल सांगू शकतो. मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, फ्लुइड मेकॅनिक्सला डिस्टिंक्शन मिळवलं, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी किनाऱ्यावरची सगळ्यात धोकादायक जागा अक्कलहुशारीने शोधून काढली आणि तिथे जाऊन उभा राहिलो. अर्जावरच्या त्या ओळीने मला एवढंच शिकवलं होतं की समुद्र धोकादायक आहे. कुठे, कधी, का, हे नाही. कॉलेजने नेलं नाही म्हणून आम्ही समुद्रावर गेलो नाही का? गेलोच की. बाइकवरून, रात्री निघून, कोणाला न सांगता, प्रत्येक लाँग वीकएंडला.

आपल्या किनाऱ्यांवर पाट्या आहेत. 'धोका. पोहण्यास सक्त मनाई.' काही ठिकाणी खाली बुडालेल्यांचे आकडे. आणि पाटीच्या शेजारीच लोक पोहतायत. कारण मनाई सगळ्या किनाऱ्याला, सगळ्या दिवसांना सारखीच. जी सूचना कायम लाल असते ती कोणी वाचत नाही, हे ज्याने कधी मॉनिटरिंगचा डॅशबोर्ड बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको. इथे हंगामात झेंडा रोज बदलतो. हिरवा म्हणजे पोहा, पिवळा म्हणजे पाण्यात थांबा पण पोहू नका, लाल म्हणजे पाय भिजवायचा नाही. निळे-पांढरे चौकोन म्हणजे जीवरक्षक जागेवर नाही. काल हिरवा होता म्हणून आजच्या लालला किंमत.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, झालं, गेला ऑनसाईट आणि लागला तिकडचं कौतुक करायला. मान्य. म्हणून हेही सांगतो, की पोर्तुगालमध्येही माणसं बुडतात, आणि हंगाम संपल्यावर झेंडे गेले की माझ्यासारखे शहाणे तिथेही पाण्यात उतरतात. हंगामात जीवरक्षक ठेवायचा खर्च तिथे छत्र्या-खुर्च्यांचा परवाना घेणाऱ्यांच्या माथी असतो. आपल्याकडे भेळवाल्याला सांगा बघू. आणि आमच्या क्लासचे पैसे सगळ्यांना परवडणारे नाहीत. पण गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक आहेतच ना? गोवा काही युरोपात नाही. महाराष्ट्राला सातशेहून जास्त किलोमीटरचा किनारा आहे. सगळीकडे नको, जिथे शनिवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते तेवढ्या किनाऱ्यांपासून सुरुवात करा.

आणि जीवरक्षक येईपर्यंत ती वीस मिनिटं तर फुकट आहेत. सहलीची बस किनाऱ्यावर थांबली की पोरांना आधी वाळूत बसवायचं. गावातला एखादा कोळी बोलवायचा, त्याला पाचशे रुपये द्यायचे, आणि म्हणायचं, यांना दाखवा पाणी कुठून आत ओढतं ते. त्याला माहीत असतं. कोकणात हे ज्ञान नाही असं नाहीच मुळी, हर्णैच्या बंदरावर कुठल्याही पोराला विचारा. ते पुण्याच्या बसपर्यंत पोचत नाही एवढंच. सहल बंद करणं सोपं आहे, एक ओळ टाईप करावी लागते. पण त्याने समुद्र काही पुण्यापासून लांब जात नाही.

परत आल्यावर रात्री हर्णैला फोन लावला. आजोबा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत, ऐकायला कमी येतं. शांत पाण्याचं सांगितलं तर म्हणाले, "मग? त्यात नवीन काय? लहानपणी तुला नेहमी सुरूच्या बनासमोरच का उतरवायचो? पलीकडे ओढ आहे म्हणून."

"अहो आजोबा, पण तुम्ही कधी सांगितलं नाहीत, का ते."

"तू कधी विचारलंस?"

मग मी भीत भीत बॅगेचं सांगितलं. सूत्र चुकलं म्हणून. ते जरा वेळ गप्प झाले. मला वाटलं, रागावले.

"तिथी कोणती होती?"

"द्वितीया."

"आणि पाणी पूर्ण कधी भरलं?"

"साडेचारच्या सुमाराला."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"सव्वापाचला असेल."

"म्हणजे रोज पाऊण तास पुढे जातंच आहे की," आजोबा म्हणाले. "चुकलं कुठे? तुमच्याकडे वर तीन मिळवायचे. लिहून ठेव."